बोर्ड काढू नका साहेब, पण शेजारी एक फळा लावा

प्रति,
आमच्या किनाऱ्यावर ज्यांचा ज्यांचा हुकूम चालतो ते सगळे साहेब आणि मॅडम (बंदरवाले, पोलीस, पर्यटनवाले, ग्रामपंचायत, आणखी कोण राहिलं असेल तर ते पण),

नमस्कार.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अर्जच भरून देते, त्यामुळे 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' मला झोपेतही लिहिता येतं. पण तशी दोन पत्रं देऊन झाली, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट, उत्तर मात्र आलं नाही. म्हणून आता हे उघडं पत्र, बोलते तसं लिहिलेलं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. मालवण आणि वेंगुर्ला यांच्या मधलं एक गाव समजा, एका अंगाला खाडीचं तोंड, मधे सुरूचं बन, दुसऱ्या अंगाला कातळ. आणि कुठल्या एका साहेबांवर माझा राग पण नाही, ते बदलून जातात, बोर्ड तिथेच राहतो.

तर तो बोर्ड. 'समुद्रात पोहण्यास सक्त मनाई आहे. हुकूमावरून.' निळ्यावर पांढरी अक्षरं, त्यातला 'सक्त' गंजून गेलाय. खाली शहाळीवाल्याची गाडी लागते म्हणून अर्धा झाकलेला, आणि शनिवार-रविवारी पर्यटक त्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. वर्षाचे ३६५ दिवस तोच मजकूर, जुलैत समुद्र दगड भिरकावत असतो तेव्हाही तोच आणि जानेवारीत पाणी तळ्यासारखं पडलेलं असतं तेव्हाही तोच. जो माणूस रोज उठून एकच वाक्य बोलतो त्याच्याकडे घरातलं कोणी लक्ष देतं का सांगा.

आम्ही सात जण आहोत. चार बायका, तीन पुरुष. एक बँकेत, एक सरकारी दवाखान्यात नर्स, एक मास्तर, एक आंब्याचा व्यापारी (तो एप्रिल-मेमधे गायब), दोघी घरच्या, आणि मी. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत दर रविवारी सकाळी समुद्रात पोहतो. डुंबत नाही, पोहतो, म्हणजे दीड-दोन किलोमीटर, किनाऱ्याला समांतर, कमरेला नारंगी फुगा बांधून, जोडीजोडीने, आणि पहिल्या वर्षाचा धडा मिळाल्यापासून बरोबर एक पात (छोटी होडी) घेऊन. तो धडा पुढे सांगते, लपवत नाही, कारण त्यात चूक आमचीच होती.

आधी जानेवारीतला प्रकार सांगते, कारण पत्राचं कारण तोच आहे. सकाळचे आठ वाजत आलेले, आम्ही पोहून परत येत होतो आणि किनाऱ्यावरून शिट्टी. बाहेर आलो तर साहेब उभे. नियम म्हणजे नियम म्हणाले, चला चौकीवर. सात माणसं ओल्या कपड्यात, टॉवेल गुंडाळून, गावातून चालत. (माझ्या सासूबाईंची मैत्रीण नेमकी दूध घेऊन येत होती, पुढचं काय ते तुम्हीच समजून घ्या.) तिथे प्रत्येकाने माफीनामा लिहून द्यायचा, 'यापुढे समुद्रात पोहणार नाही' असा. माझं अक्षर चांगलं म्हणून सातही माफीनामे मीच लिहिले, धंद्याची सवय, फक्त सह्या ज्यांच्या त्यांच्या.

आता गंमत बघा. आम्ही चौकीकडे चाललेलो तेव्हा घाटावरून आलेली एक बस सुरूच्या बनाजवळ थांबली. चाळीसेक माणसं उतरली आणि थेट खाडीच्या तोंडाकडे पाण्यात शिरली. जीन्स घालून, साडी खोचून, लहान पोरं खांद्यावर घेऊन. ओहोटी ऐन जोरात होती. मी साहेबांना म्हणलं, साहेब तिकडे बघा, ती जागा वाईट आहे. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "ते पोहत नाहीयेत मॅडम, डुंबतायत."

मी तेव्हा हसले. घरी आल्यावर हसू गेलं. कारण साहेब बोर्डाप्रमाणे अगदी बरोबर बोलले होते, बोर्डावर पोहायला मनाई आहे, डुंबायला नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर लहानपणापासून जेवढे बुडालेले मी बघितले, किंवा बाहेर काढून वाळूवर ठेवलेले बघितले, त्यातला एकही पोहायला गेलेला नव्हता. गुडघाभर पाण्यात उभे होते. फोटो काढत होते. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची डझनभराहून जास्त मुलं गेली, २०१७ च्या एप्रिलमधे इथे मालवणजवळ वायरीला बेळगावची आठ. वायरीची बातमी आली त्या दिवशी गावात कोणाच्या घरी मासे शिजले नाहीत. समुद्राची त्यांना माहितीच नव्हती, आणि ती देणारं तिथे कोणी नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय, दोष कोणाला देत नाहीये.

ही माहिती म्हणजे काही रॉकेट नाही. तुम्ही उभे राहून बघा एकदा. लाटा एका रांगेत फुटत येतायत, पांढरा फेस, फेस, फेस, आणि मधेच दहा-पंधरा हाताची एक फट, तिथे लाट फुटतच नाही. पाणी गप्प, जरा गडद, मधूनमधून वाळू ढवळल्यासारखं मातकट. घाटावरचा माणूस काय करतो? पोरांना घेऊन नेमका तिथेच जातो, कारण तिथे लाटा नाहीत, पोरं घाबरणार नाहीत! आणि तीच जागा सगळ्यात वाईट, कारण बाकीच्या लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी त्या फटीतून परत आत जात असतं. आमच्याकडे म्हणतात पाण्याला ओढ आहे. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. माणूस घाबरून किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारतो, ओढीच्या विरुद्ध, आणि दमतो, मग बुडतो तो दमल्यामुळे. खरं तर आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर, फटीच्या बाहेर पडेपर्यंत, आणि पोहता येत नसेल तर उताणं पडून तरंगायचं आणि हात वर करायचा. खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं, नाकात पाणी गेलं तरी डोकं मागे टाकून पडता येतं. ही चार वाक्यं बोर्डावर कुठे आहेत?

मी पोहायला शिकले विहिरीत, सहा-सात वर्षांची असताना, पाठीला दोन सुके असोले नारळ बांधून. समुद्र मला शिकवला शेजारच्या आजोबांनी. रापणकर माणूस, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा, सगळं आयुष्य दोर ओढण्यात गेलेलं, तळहात असे की चहाचा गरम पेला तसाच धरायचे. मी मुंबईहून नोकरी सोडून परत आले तेव्हा, बारा वर्षं झाली, क्लबच्या स्विमिंग पूलमधे शिकलेलं फ्रीस्टाइल दाखवायला मोठ्या ऐटीत समुद्रावर निघाले होते. आजोबा जाळं विणत बसलेले. "खंय चललंस गो?" म्हणलं पोवाक. म्हणाले, "ही काय तुझ्या बापाशीची बाव न्हय. पाण्याक इचार आधी, मगे उतर."

पाण्याला विचारायचं म्हणजे काय ते त्यांनी करून दाखवलं. नारळाचं एक सोडण (सुक्या सालाचा तुकडा) उचललं, कमरेभर पाण्यात गेले, आणि लांब फेकलं. मग परत येऊन बसले आणि विडी पेटवली. विडी संपेपर्यंत सोडणाकडे बघायचं. ते तिथल्या तिथे डुलत किनाऱ्याकडे आलं तर ठीक. दक्षिणेला सरकलं तर जाताना सोपं, येताना हात दुखणार. आणि सरळ आत जायला लागलं तर घरी जाऊन चहा प्यायचा. मी विडी ओढत नाही म्हणून मोबाईलवर सात मिनिटं लावते. आजही. मास्तर आमच्यात सगळ्यात शिकलेला, त्याच्या घड्याळात अंतर, वेग, हृदयाचे ठोके सगळं येतं, पण पाण्यात उतरायच्या आधी तोही सोडणाकडे बघत उभा असतो.

भरती-ओहोटीचा हिशोब पण आजोबांचाच. तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती, नवमीला पावणेसात, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. हा हिशोब मुंबईकडचा, आमच्याकडे त्याहून अर्धा-पाऊण तास लवकर धरायचा. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते, दिवसात दोनदा भरते, दोनदा सुकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या पुढे दोन-तीन दिवस भांग, पाणी आळसावलेलं. कालनिर्णय भिंतीवर प्रत्येकाच्या घरी आहे, साहेबांच्या ऑफिसात पण असेलच. नवशिक्याने भांगाच्या दिवसांत उतरावं एवढं जरी लोकांना कळलं तरी पुष्कळ झालं.

आता आमची चूक.

पहिल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर, रविवार आणि संकष्टी, आमच्यातल्या दोघींचा उपास. ठरवलं की खाडीचं तोंड पार करून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं, सव्वादोन किलोमीटर. हिशोब केला की सुकती (ओहोटी) साडेआठला संपणार, म्हणजे साडेआठला पाणी थांबलेलं असणार, तेवढ्यात तोंड ओलांडून घ्यायचं. आठला निघालो. पात नाही, कोणाला सांगितलेलं नाही, फुगे तेव्हा घेतलेले नव्हते. स्वतःला फार शहाणे समजत होतो.

चूक ही झाली की समुद्राची ओहोटी थांबली म्हणजे खाडीची थांबली असं नसतं. खाडी आत लांबवर भरलेली असते, ते पाणी एवढ्याशा तोंडातून बाहेर पडायला वेळ घेतं, आणि ऑक्टोबरात वर डोंगरातलं पावसाचं पाणी पण उतरतच असतं. समुद्र साडेआठला थांबला आणि खाडी पुढे पाऊण तासभर वाहतच होती. आम्ही सहा जण काठाजवळून जात होतो, आम्हाला ओढ जाणवली तसे परत फिरलो. बँकवाला पुढे होता, बाहेरून. तो सांगतो ते असं की मी दर दहा हातांनी डोकं वर काढून बघत होतो, किनाऱ्यावर एक वाकडं सुरूचं झाड होतं, त्याचा नेम धरलेला. वीस मिनिटं हात मारले आणि झाड तिथेच. मग बघितलं तर झाड लहान झालेलं.

आम्ही किनाऱ्यावर उभे राहून त्याची टोपी शोधत होतो. पिवळी टोपी. एकदा दिसायची, मग लाट, मग नाही. नर्सबाई मोठ्याने आकडे मोजत होती, का मोजत होती तिलाही माहीत नाही. मी गावाकडे पळत सुटले, अनवाणी, खडकावरून, कालवांनी दोन्ही तळपाय कापले ते घरी गेल्यावर कळलं.

त्याला वाचवलं ते एका कुर्ल्याची जाळी उचलायला आलेल्या माणसाने. बँकवाल्याला तेवढी अक्कल राहिली होती की त्याने विरुद्ध पोहणं सोडलं आणि उताणा पडला. त्या माणसाने पात जवळ नेली आणि पहिलं वाक्य, "मराक इलास काय रे?" हा वर चढायला बघतोय तर ओरडला, "आत येव नको, उलांडी धर!" उलांडी म्हणजे पातीला बाजूने जोडलेला तरंगता ओंडका. पात लहान, जाळ्यांनी भरलेली, एका बाजूने माणूस लटकला तर उलटायची. म्हणून बँकेचा जबाबदार कर्मचारी उलांडीला लोंबकळत, तोंडात पाणी जातंय, असा अर्धा तास ओढत आणला आणि किनाऱ्यावर टाकला. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, पण पुढचे चार महिने बाजारात दिसला की सगळ्यांसमोर विचारायचा, काय, झाड मोठा झाला काय?

आता दर रविवारी तोच माणूस पात घेऊन आमच्याबरोबर येतो. त्याची सकाळ बुडते म्हणून त्याची मजुरी आम्ही देतो, आणि वर घावणे-चटणी. तो "परत" म्हणाला की परत, वाद नाही. मास्तरने एकदा वाद घातला होता, त्याला तीन रविवार काठावर कपडे सांभाळायला बसवला.

हे सगळं सांगितलं कारण तुम्हाला वाटू नये की आम्हाला भीती माहीत नाही. भीती आहे म्हणूनच तर विचारतोय. झार (जेलीफिश) येते त्या दिवसांत आम्ही उतरत नाही, एकदा माझ्या दंडावर तिच्या दोऱ्या ओढल्या गेल्यात, तापलेली तार लावल्यासारखं, आठ दिवस वळ होते, आणि एका भल्या माणसाने बाटलीतलं बिसलेरी ओतलं त्यावर, त्याने अजून पेटलं. गोडं पाणी घालायचं नसतं, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. पाकटावर (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पाय पडू नये म्हणून वाळूत पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे तो आधीच सरकतो. हे पण कुठे लिहिलेलं नाही. घाटावरच्या माणसाने कुठून शिकायचं?

आणि मग तुम्ही विचाराल की एवढं आहे तर मरायला जाता कशाला. बरोबर आहे, माझ्या सासूबाई पण हेच विचारतात. उत्तर धड देता येत नाही. थंडीत एकदा पहाटे साडेपाचला उतरलो होतो, अंधार, आणि पाणी चमकत होतं, तसं काही थंड्यांमधे होतं आमच्याकडे. हात आत घातला की बोटांच्या फटींतून निळसर ठिणग्या, पुढच्या माणसाच्या पायामागे शेपटी. कोणीच पोहेना. सात मोठी माणसं, पोरंबाळं असलेली, छातीभर पाण्यात उभं राहून नुसते हात फिरवतायत आणि मधूनमधून कोणीतरी "आयला" म्हणतंय. आंब्यावाला तर रडला, तो कबूल करत नाही. दवाखान्यातली नर्सबाई म्हणते की आठवड्यातला हा एकच तास असा की मला कोणी हाक मारू शकत नाही. माझंही तेच असावं. कान पाण्याखाली असतात तेव्हा आधार लिंक झालं का, ओटीपी आला का, काही ऐकू येत नाही.

बरं, समुद्रात पोहणं हे काही आम्ही सात जणांनी काढलेलं खूळ नाही. इथे मालवणला चिवला बीचवर दर वर्षी डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, सगळ्या महाराष्ट्रातून शेकड्यांनी पोरं येतात, सत्तरीचे आजोबा पण येतात. तिकडे मुंबईला धरमतर ते गेटवे, ३६ किलोमीटर, शाळेतली पोरं पोहून जातात. पुण्याच्या रोहन मोरेंनी तर जगातल्या सात अवघड खाड्या-सामुद्रधुन्या पोहून पुऱ्या केल्या, २०१८ साली, आशियातले पहिले. स्पर्धेच्या दिवशी तुम्हीच लोक व्यासपीठावर असता, हार, नारळ, झेंडा, आणि भाषणात 'कोकणच्या मुलांनी समुद्राशी मैत्री केली पाहिजे'. सोमवारी परत मनाई. मैत्री एका रविवारची का?

तर मागणं काय, ते आता सांगते. बोर्ड काढा असं म्हणत नाही, राहू दे, टॉवेल वाळतात. त्याच्या शेजारी एक फळा लावा. शाळेत असतो तसा काळा फळा, वर पत्र्याची छोटी छपरी पावसासाठी. रोज सकाळी सहाला त्यावर खडूने लिहायचं, आजची तिथी, भरती किती वाजता, सुकती किती वाजता, आज ओढ कुठे आहे (सुरूच्या बनाच्या उजवीकडे की डावीकडे, ती जागा बदलते, वाळू हलते तशी), झार आहे का, आणि खाली तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. फटीचं एक चित्र, बाण काढून. घाटावरच्या माणसाला वाचायला एक मिनिट लागेल. लाटांचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) रोज देतं, फुकट, मोबाईलवर. एप्रिल-मेमधे कधी कधी वारा नाही, ढग नाही, आणि अचानक मोठ्या लाटा येतात ना, त्या खाली दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात, काही दिवस प्रवास करून आपल्याकडे पोचतात, त्याचाही इशारा ते देतात. तो इशारा ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड होतो. फळ्यावर आला तर किनाऱ्यावरच्या माणसाला कळेल.

लिहिणार कोण? गावातली ती दोन पोरं आहेत ना, जीवरक्षक म्हणून सीझनला घेतलेली. माशासारखी पोहतात, ओढ कुठे ते डोळे मिटून सांगतील. त्यांना फक्त शिट्टी आणि टी-शर्ट दिलाय. पगार थकला की अर्ज टाईप करायला माझ्याच दुकानात येतात, या वर्षी तीनदा आले, तिसऱ्यांदा मी पैसे घेतले नाहीत. शेजारी गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत, लाल-पिवळे झेंडे लावून मधली जागा दाखवतात, इथे पोहा, इथे नको. आमच्या पोरांना बारा महिने ठेवा, पगार वेळेवर द्या, दोन झेंडे द्या, एक दोरी, एक फळी, आणि मेगाफोन, कारण लाटांच्या आवाजात शिट्टी कोणाला ऐकू जात नाही, आम्हाला गेली ती आम्ही परत येत होतो म्हणून.

आणखी एक. सकाळी नऊपर्यंत सुरूच्या बनापुढचा पट्टा, दोनशे मीटर, पाण्यातल्या स्कूटर आणि बनाना बोटींना बंद ठेवा. चार नारंगी बोये टाकले की झालं. मागच्या डिसेंबरात एक स्कूटर नर्सबाईच्या फुग्यावरून गेली. फुग्यावरून, बाईवरून नाही, पण दोरी एक मीटरचीच असते. चालवणारा पोरगा आमच्याच गावचा, तो तिच्यापेक्षा जास्त थरथरत होता. त्या लोकांच्या धंद्यावर माझा राग नाही, त्यांचे पण फॉर्म मीच भरते, आणि गिऱ्हाईक तसंही दहाच्या आधी उठत नाही.

आमचे माफीनामे चौकीत असतील. त्यात लिहिलंय की यापुढे समुद्रात पोहणार नाही. ते माझ्याच अक्षरात आहे आणि ते आम्ही पाळलेलं नाही, हे इथे उघड लिहून देते. पुढच्या वेळी अडवलंत तर आम्ही येऊ चौकीवर, फक्त येताना त्या खाडीच्या तोंडाशी डुंबणाऱ्यांना पण दोन शब्द सांगा.

फळ्याचं मी बघून ठेवलंय. शाळेत नवे पांढरे बोर्ड आले, जुना फळा व्हरांड्यात उभा करून ठेवलाय, एका कोपऱ्याला पोपडा गेलाय पण चालेल. मास्तर हेडमास्तरांशी बोललाय, ते म्हणाले, वरून एक ओळीचं पत्र आणा, लगेच देतो. ती एक ओळ तुम्ही लिहा. वेळ नसेल तर मी टाईप करून आणते, सही तेवढी करा.

या रविवारी नवमी आहे. भरती सव्वासहाच्या आसपास, भांगाचं पाणी. साडेसहाला आम्ही वाकड्या सुरूपाशी असू, पातवाला पण असेल. कोणी साहेब किंवा मॅडम येणार असतील तर टॉवेल घरून आणा, घावणे आमच्याकडून. खडूचा बॉक्स मी घेऊन ठेवलाय.

आपली,
झेरॉक्सवाली
(सातही जणांच्या वतीने, आंब्यावाला सीझनमुळे सही करायला हजर नव्हता)